सदतिसाव्या घराचं कार्ड

"छत्तीस के बाद अड़तीस. सैंतीस कहाँ है?"

दिल्लीहून आलेल्या डॉ. सान्याल यांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्यासमोर बुटाच्या एका रिकाम्या खोक्यात पिवळी कार्डं उभी लावलेली होती. शेजारी आमचे डॉक्टर मुळावकर बसले होते. दाराशी व्हॅक्सिनेटर गणवीर उभे होते. मी कोपऱ्यात स्टुलावर, मांडीशी टाइपरायटर घेऊन. सदतीस नंबरचं कार्ड माझ्या डोक्यावर होतं. गांधी टोपीच्या घडीत, मधोमध दुमडून.

एवढी तीन वाक्यं लिहायला मला नऊ वर्षं लागली. आता सुरुवात झालीच आहे तर सगळंच सांगतो.

साल एकोणीसशे एकोणसाठ, कापूस वेचणीचे दिवस. घाटंजीच्या पुढे बाजाराचं एक गाव आहे, तिथे आमचा दवाखाना. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, एक नर्सबाई, देवी काढणारे म्हणजे लस टोचणारे गणवीर, आणि मी क्लार्क. राज्य बदलून तीन वर्षं झाली होती. आधी आमचे कागद नागपूरला जात, आता मुंबईला. फरक एवढाच की उत्तर आधी उशिरा यायचं, आता फार उशिरा यायचं.

मुळावकर डॉक्टरांना एक ध्यास होता. मिरगी. ते तिला एपिलेप्सी म्हणत. दवाखान्यात महिन्याला एखादा मिरगीचा रोगी यायचा, तोही चुलीत पडून भाजलेला किंवा विहिरीतून काढलेला. मिरगीसाठी म्हणून कोणी येत नसे. डॉक्टर म्हणत, "राऊत, रोगी आहेत. भरपूर आहेत. रोज एक गोळी दिली तर निम्मे तरी माणसात येतील. पण गोळ्या आणू कुठून?" दवाखान्याच्या कोट्यात ब्रोमाइडचं मिक्श्चर होतं. ते प्यायलेला माणूस फिटशिवायच दिवसभर पेंगायचा.

गोळ्यांसाठी पाहिजे होती ग्रँट. आता ग्रँट म्हणजे काय, हे ज्यांचा संबंध आला नाही त्यांना सांगतो. संशोधनाची ग्रँट मिळवणं म्हणजे मुलीचं लग्न जमवणं. आधी माहिती पाठवायची, तीन प्रतींत. मग तिकडून विचारणा येते, घराणं कसं, शिक्षण किती, तब्येत कशी. सगळं पसंत पडलं तर माणसं घर पाहायला येतात. त्याला साइट व्हिजिट म्हणतात. आणि मुलीच्या लग्नासारखंच, ऐनवेळी भलतंच काहीतरी निघतं.

दिल्लीच्या एका संस्थेकडे आम्ही दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा एकच उत्तर, की तुमच्या भागात या रोगाचे पुरेसे रोगी असल्याचा पुरावा नाही. डॉक्टर म्हणाले, ठीक, पुरावा देऊ. एक गाव घ्यायचं, त्यातलं प्रत्येक घर मोजायचं. याला पायलट सर्व्हे म्हणतात, म्हणजे भात शिजला का ते शिताने पाहणं. गाव निवडलं माझं. "तुमच्या गावात लोक आपल्याला दारातून हाकलणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. नाही म्हणायला कारण होतं, पण सांगता येण्यासारखं नव्हतं.

घरोघर जायचं काम गणवीरांचं. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, दवाखान्यात सगळ्यांना जयभीम करायचे. त्याला उत्तर फक्त नर्सबाई द्यायच्या. बाकी सगळे त्यांना "अरे गणवीर" म्हणत. मीही. आता लिहिताना 'ते' लिहितो आहे, हे उशिरा आलेलं शहाणपण.

डॉक्टरांनी छापून घेतलेल्या कार्डावर पहिला प्रश्न होता, 'घरात कोणास मिरगीचा विकार आहे काय?' गणवीर पहिल्या दिवशी वीस घरं फिरून आले. वीसही घरांत 'नाही'. डॉक्टरांचा चेहरा पडला.

"सरळ इचारलं तं कोणी सांगनार नाही, डॉक्टरसाहेब," गणवीर म्हणाले. "पोरीचं लगन मोडते. पोराची सोयरीक येत नाही. कायले सांगतीन?"

"मग काय करायचं?"

"म्या टोचाले बाह्या वर करतो ना, तवा दिसते. कोनाच्या कपाळावर, कोनाच्या मानंवर. मिरगी आली का आपल्याकडं इळा तापवून डागतेत. डाग लपत नाही. म्या मिरगी इचारत नाही. 'घरात कोनाले डागलं हाय का' म्हणून इचारतो. ते सांगाले लोकाइले लाज नाही वाटत. उलट म्हणतेत, आम्ही इलाज केला."

दुसऱ्या दिवसापासून गणवीर डाग विचारू लागले. डाग निघाला की पुढचं सगळं आपोआप निघायचं, कधीपासून, किती वेळा, कसं पडतो, किती वेळ. आधीच्या वीस घरांतही ते पुन्हा जाऊन आले. बायका त्यांना ओट्यावर बसवून चहा पाजू लागल्या. पिवळी कार्डं भरत गेली. पिवळी का, तर यवतमाळच्या प्रेसमध्ये कुठल्याशा जिनिंग कारखान्याच्या लेबलांचा कागद उरला होता, तो स्वस्तात मिळाला.

कार्डं माझ्याकडे यायची. मी तक्ता करायचो. एका सोमवारी सदतीस नंबरचं कार्ड हातात आलं. गणवीरांचं अक्षर गोल आणि ठळक, लहान पोरालाही वाचता यावं असं. 'पुरुष, वय चौतीस. कपाळावर डाग, केसांच्या कडेला. सातव्या वर्षापासून फिट. अजून वर्षातून एकदोनदा, पहाटे. नोकरी, सरकारी.'

तो मी.

माझ्या आईने सांगितलं होतं. तिला मिरगी विचारली असती तर तिने देवाशपथ नाही म्हटलं असतं. पण डाग विचारला. तिने तो स्वतः दिलेला. तिला त्याचा अभिमानच होता.

नोकरीला लागताना फिटनेस सर्टिफिकेटचा एक फॉर्म असतो. त्यात विचारतात, आपणास कधी फिट्स आल्या आहेत काय? मी 'नाही' लिहिलं होतं. तेव्हापासून टोपी घालू लागलो. कपाळावर जरा पुढे ओढून. लोकांना वाटायचं, राऊतबाबू मोठे देशभक्त.

कार्ड फाडून टाकायला हवं होतं. चूल होती, नदी होती. पण मी क्लार्क माणूस. ज्या कागदावर सरकारी नंबर पडला तो फाडायला हात धजेना. नवीन कार्डावर 'नाही' लिहून ठेवावं म्हटलं, तर गणवीरांसारखं अक्षर जमेना. तीन कार्डं वाया घालवली. शेवटी सदतीस नंबर टेबलाच्या खणात तळाला ठेवून दिलं, आणि तक्त्यात एक रोगी कमी टाइप केला. घरांची बेरीज मात्र एकशे बाराच ठेवली. चोरी करणाऱ्याने निदान बेरीज तरी बरोबर चोरावी. तेही जमलं नाही.

तक्ता अर्जाला जोडला. संस्थेचं पत्र आलं की पाहायला माणूस येतो आहे. सान्याल दुपारच्या मोटारीने यायचे होते, सकाळच्याच मोटारीने आले. डॉक्टर धावत माझ्याकडे आले. "राऊत, तुमचं टेबल रिकामं करा. साहेब तिथे बसतील." दवाखान्यात खणाचं टेबल ते एकच. मलमलच्या सदऱ्याच्या खिशातून पिवळं कार्ड दिसलं असतं. उरली टोपी.

आणि मग ते बुटाचं खोकं, आणि छत्तीसनंतर अडतीस.

सान्याल बुटके, शांत, चष्म्याला दोरी बांधलेले गृहस्थ होते. "मैं टोटल नहीं पढ़ता," ते म्हणाले, "मैं नंबर पढ़ता हूँ." टोटल सगळेच बरोबर करून आणतात, असं त्यांना म्हणायचं होतं.

डॉक्टरांचा रंग उडाला. तिसरा अर्ज होता. हाही गेला तर पुन्हा कोणी ऐकून घेणार नव्हतं. ते गणवीरांकडे वळले.

"गणवीर, सदतीस कुठे आहे?"

"म्या तं सारेच आणून देलते, साहेब."

"मग उडून गेलं काय?"

गणवीरांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी एक क्षण. मग खाली पाहिलं. "पडलं असंन सायकलवरून. वारा होता."

"वारा होता. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि वारा होता. राऊत, मेमो टाइप करा." पाहुण्यांना दाखवायचं होतं की इथे शिस्त आहे. मेमो म्हणजे लेखी ताकीद, नोकराच्या फायलीत कायमची बसते. डॉक्टर इंग्रजीत सांगत गेले, की आपल्या निष्काळजीपणामुळे सरकारी कागद गहाळ झाला, सबब आपणास ताकीद देण्यात येत आहे. मी टाइप करत गेलो. माझी मान खाली होती. टाइप करताना ती तशीच असते, ही या धंद्यातली मोठी सोय आहे. माझ्या आयुष्यात मी एवढं बिनचूक टायपिंग कधी केलं नाही. एक अक्षरही खोडलं नाही. गणवीरांनी सही केली, कागद घडी करून खिशात ठेवला.

मला बोलता आलं असतं. सही होईपर्यंत वेळ होता. मी कार्बन जागेवर लावत बसलो.

सान्याल उठले. "कार्ड खो गया, ठीक है. घर तो नहीं खोया न? चलिए, घर देख लेते हैं."

ब्लॉक ऑफिसची जीप मागवली. वाटेत कापसाच्या बैलबंड्या जिनिंगकडे निघालेल्या, त्यांच्यामागून जीप रखडत चालली. सान्याल विचारत होते, फिट आल्यावर लोक काय करतात? डॉक्टर सांगत होते. मी मागे गणवीरांच्या शेजारी बसलो होतो. गुडघ्याला गुडघा लागत होता. एकदा मी म्हटलं, "गणवीर..." ते म्हणाले, "बाबू, टोपी सांभाळा. वारा हाय." मला वाटलं, सहज म्हणाले.

गावात प्रत्येक दाराच्या चौकटीवर गणवीरांनी गेरूने नंबर घातले होते. पस्तीस, छत्तीस, आणि सदतीस. जीप थांबली.

"राऊत," डॉक्टर म्हणाले, "हे तर तुमचं घर."

"हो."

आई अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होती. एवढी माणसं पाहून उठली, पदर सारखा केला आणि गणवीरांना म्हणाली, "आले का बापू? या. आता काय राह्यलं लिहाचं? मांगं तं सारं लिहून नेलं तुमी."

सान्यालांना मराठी येत नव्हती, पण 'लिहून नेलं' त्यांना कळलं. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी आईला विचारलं, "बाई, काय लिहून नेलं?"

"माह्या पोराचं. डागल्याचं. तो काय उभा हाय तुमच्या मांगं. आन घरात येऊन टोपी काहून घातली रे तुनं? काढ, डॉक्टरसाहेबाइले दाखव."

मी काढली नाही. हे नीट लिहून ठेवतो, कारण पुढे लोक वेगळंच सांगू लागले. मी जागचा हललो नाही. आई पुढे आली, टाचा उंच केल्या आणि तिनेच माझी टोपी काढली. पिवळं कार्ड तिच्या शेंगांच्या सुपात पडलं.

सान्यालांनी वाकून कार्ड उचललं, उलगडलं, त्याची घडी बोटाने सरळ केली आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. डॉक्टरांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, 'नोकरी, सरकारी'पर्यंत आले आणि थांबले.

आई म्हणाली, "च्या मांडू का?"

सान्याल खाटेवर बसले. चहा घेत त्यांनी आईला पंचवीस प्रश्न विचारले. आईने आतून विळा आणून दाखवला. तोच विळा. "अजूनबी याच्यानंच चारा कापतो," ती म्हणाली. सान्यालांनी विचारलं, जूता सुँघाया था? आईला हे बरोबर कळलं. "हाव जी. चप्पल हुंगवली, कांदाबी हुंगवला. कांद्यानं तं आमच्याच डोळ्याले पानी ये, तो आपला पडूनच राहे."

सान्याल हसले. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदाच. मग त्यांनी गणवीरांना समोर बसायला सांगितलं. गणवीर ओट्याच्या कडेला टेकले. आईने त्यांनाही घरच्याच कपबशीत चहा दिला होता. ही गोष्ट तेव्हा आमच्या गल्लीत होत नसे. मी ती पाहिली, पण त्या वेळी मला माझीच पडली होती.

"यह डाग वाला सवाल किसका है? फॉर्म में तो नहीं है."

"माहाच हाय, साहेब. मिरगी इचारलं तं लोकं दारात उभं करत नाहीत."

सान्यालांनी ते वहीत लिहून घेतलं. मग माझ्याकडे बोट केलं, पण बोलले डॉक्टरांशी, इंग्रजीत. त्याचा मतलब असा होता. तुम्ही अर्जात लिहिलंत की या भागात लोक रोग लपवतात. मला ते पटलं नव्हतं. मला वाटलं, रोगीच नसतील. आता तुमचा स्वतःचा क्लार्क तुमच्याच सर्व्हेतून स्वतःला लपवतो, याहून मोठा पुरावा काय देणार?

दोन महिन्यांनी ग्रँट मंजूर झाली. मुलगी पसंत, पण देण्याघेण्यात काटछाट. मेंदूचा आलेख काढणारं मशीन मागितलं होतं, ते नामंजूर, कारण दवाखान्यात वीज नव्हती. दुसरा डॉक्टर नामंजूर. पण फेनोबार्बिटोनच्या गोळ्या मंजूर, तीन वर्षं पुरतील एवढ्या. दोन सायकली मंजूर. आणि एक अट, घरोघरचं काम गणवीरांनीच करायचं आणि कार्डावरचा पहिला प्रश्न त्यांचाच ठेवायचा.

माझं काय झालं? डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

"फिटनेस सर्टिफिकेटवर सही कोणाची आहे?"

"आपली, साहेब."

"मी तुम्हाला टोपी काढायला लावली होती?"

"नाही."

"म्हणजे तपासणी मीही केली नाही. तुमची नोकरी गेली तर माझीही जाईल. टेबलावरचं काम आहे, बसून करा. सायकल चालवायची नाही. उद्यापासून रोज एक गोळी. आणि कार्डाचा लेखी खुलासा द्या."

मी खुलासा दिला, 'सदर कार्ड अनवधानाने टोपीत राहिले.' डॉक्टरांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि फायलीला लावला. गणवीरांकडून मेमो परत मागवून माझ्यासमोर फाडला. वरची प्रत फाटली. खालची प्रत, म्हणजे कार्बन, माझ्याकडे होता. तो फाडा, असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

पहिल्या गोळ्यांच्या वाटपाला बाभुळगावपर्यंतची माणसं आली. डॉक्टर भाषणात म्हणाले, "मिरगीची लाज कसली? आमच्या राऊतबाबूंनी साहेबांसमोर स्वतः टोपी काढून डाग दाखवला." त्यांनी हे माझी लाज झाकायला सांगितलं, आणि लोकांनी पुढे यावं म्हणूनही. लोक आलेही. एका म्हाताऱ्याने तिथल्या तिथे फेटा सोडला. मग मी कसं सांगणार की टोपी आईने काढली? आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ती गोष्ट जिल्हाभर झाली. मला बढती मिळून मी यवतमाळला स्टॅटिस्टिकल असिस्टंट झालो. नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये ती गोष्ट सांगत. मी बाजूला बसून ऐकत असे. डाग विचारायची युक्ती कोणाची, हे त्या गोष्टीत हळूहळू गळून गेलं.

मला गोळी सुरू झाल्यावर दोनच फिट आल्या. गेली सात वर्षं एकही नाही. हेही त्याच ग्रँटचं.

गेल्या महिन्यात गणवीर महागावहून रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. तिथल्या मेडिकल ऑफिसरांनी माझ्याकडे हात करून पुन्हा टोपीची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. गणवीरांनीही वाजवल्या. त्या टाळ्या मला सहन झाल्या नाहीत. मी उठलो आणि भरल्या सभेत म्हणालो, टोपी मी काढली नाही, माझ्या आईने काढली, आणि डागाचा प्रश्न गणवीरांचा. कार्डाचं म्हणणार होतो, तेवढ्यात हार आणणारे आले. माझं अर्धंच राहिलं.

म्हणून संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. खिशात कार्बन होता, नऊ वर्षांचा, घड्यांवर विरलेला. तो त्यांच्यासमोर ठेवला.

"दादा, हा मेमो मी टाइप केला तेव्हा कार्ड माझ्याच टोपीत होतं. अनवधानाने नाही. मुद्दाम ठेवलं होतं."

गणवीरांनी चष्मा लावून कागद वाचला. "इंग्रजी चांगलं होतं तुमचं," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"कार्ड म्याच लिहिलं होतं ना. त्याच्यात काय होतं ते मले माहीत. पडलं नाही, तेबी माहीत."

"मग बोलला काहून नाही?"

"तुमच्या मायनं सांगतलं होतं, 'बापू, पोराले समजू नोको देऊ का म्या सांगतलं म्हणून.' म्या हाव म्हटलं होतं. मंग तिचं तिनंच इसरून साऱ्याइसमोर सांगून टाकलं." त्यांनी चष्मा काढला. "आन तुमी बोलसान, असं वाटलं होतं. सही करेपर्यंत वाट पाहून राह्यलो होतो. मंग म्हटलं, जाऊ द्या. राग आलता. वरीसभर होता."

"मग?"

"मंग काय. तुमच्या मायकडं चहाले जात राह्यलो."

त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला. गणवीर एकाएकी हसायला लागले, चहा सांडेपर्यंत.

"काय झालं?"

"तुमी मान खाली घालून टाइप करून राह्यले होते ना, तवा टोपीची घडी उघडली होती. पांढऱ्या टोपीत पिवळं कार्ड. सान्याल साहेबाइलेबी दिसत होतं. म्हणून तं ते उठले, घर पाहू म्हणून. त्या खोलीत एकट्या मुळावकर डॉक्टराइलेच दिसलं नाही."

कार्बन त्यांनी ठेवून घेतला. फाडला नाही. त्यांचीही सगळी नोकरी सरकारीच झालेली.

सर्व्हेचं काम शिकणाऱ्यांसाठी, या सगळ्यातून निघणारा धडा एकच. खोलीच्या अगदी कोपऱ्यात बसून मान खाली घातलेला माणूस काहीतरी लपवत असेल, तर त्याच्या समोर उभ्या असलेल्याला ते दिसतंच. तो बोलत नाही, एवढ्यावरून दिसलं नाही असं धरू नये.